बुधवारची भवानी

खर्र... खर्र... खर्र...

घर इतकं निवांत होतं, की तो आवाज आला आणि विनिताचा कणकेतला हात तसाच थांबला. शाळेला सुट्टी म्हणून लेक आभा अजून पांघरुणात होती. नवरा प्रणित बोटीवर नोकरीला, त्याचा फोन यायला वेळ होता. आणि मागच्या गॅलरीतून दगडावर लोखंड घासल्याचा आवाज येत होता.

सासूबाई कोयत्याला धार लावत होत्या.

विनिताने डोकावून बघितलं नाही. लेकरू पहिल्यांदा आपलं आपण उभं राहतं तेव्हा आपण श्वास रोखून दुसरीकडेच बघतो ना, आपल्या नजरेच्या धक्क्यानेसुद्धा ते पडेल असं वाटतं, तसं तिचं झालं. गणपती गेल्यापासून तो कोयता फडक्यात गुंडाळून माळ्यावर पडला होता. आता पौष लागला होता. सगळा जन्म जिची सकाळ कोयत्याच्या धारेने उजाडली, ती बाई इतके महिने उठून नुसती गॅलरीत बसायची आणि समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीकडे बघत राहायची. आभाने विचारलं, "आजी, टाकीत काय आहे?" तर म्हणायची, "पानी. दुसरं काय असनार?"

"विनिता," गॅलरीतून हाक आली, "आज बुधवार ना गो?"

"हो आई."

"मंग च्या टाक. मी बाजारात चाल्ले."

गुणाबाईंनी हे इतक्या सहज म्हटलं, की जणू कालही त्या तिथेच बसून आल्या होत्या. विनिताने आधण ठेवलं आणि आधण उकळेपर्यंत उगाचच डोळे पुसले. कांदा चिरलेला नव्हता, त्यामुळे कारणही सांगता आलं नसतं.

*

बाजारात जाणं म्हणजे नेमकं कुठे जाणं, हाच तर प्रश्न होता.

खाडीकाठच्या सात गावांचा एक मच्छी संघ. पनवेलच्या मच्छी बाजारातल्या ओट्यांच्या सगळ्या रांगा संघाच्या नावावर. टेम्पो एक, बर्फ एक, हॉटेलवाल्यांशी आणि खारघर-कामोठ्याच्या मोठमोठ्या सोसायट्यांशी बोलणीही एकच. एका गावाचा जवळा, एकाचे बोंबील, एकाच्या चिंबोऱ्या, एकाची कोळंबी. आणि गुणाबाईंच्या मोरखारचा जिताडा. भरतीच्या पाण्यावर वाढलेला, चांदीच्या ताटासारखा जिताडा. या भागात कुणाचं काम अडलं, सोयरीक जुळवायची असली, रुसलेला पाहुणा मनवायचा असला, तर माणसं पेढे नेत नाहीत, जिताडा नेतात.

सात गावं आणि आठवड्याचे वार सात. संघ काढला त्या म्हाताऱ्यांनी त्यातून एक रीत बसवून टाकली होती. ज्या गावाचा वार, त्या गावाने पहिली भवानी करायची. त्या गावच्या बाईने पहिला मासा विकून "भवानी झाली गो!" अशी आरोळी दिल्याशिवाय बाकीच्या सहा गावांच्या बायका टोपलीवरचं फडकं बाजूला करायच्या नाहीत. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, मोटारीतून उतरलेलं असो, ओरडत असो. मोठ्या गावाने छोट्याच्या आधी गल्ला भरू नये म्हणून केलेली सोय ती. पण बघता बघता तिला देवाच्या कामासारखं पावित्र्य आलं.

मोरखारचा वार बुधवार. आणि बुधवारची आरोळी गुणाबाईंची. ती आरोळी बाजाराबाहेर लिंबं विकणाऱ्याच्याही पुढे, रिक्षा स्टँडपर्यंत जायची. लग्न होऊन आल्यावर विनिताने ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा तिला वाटलं होतं, आपली सासू भांडतेय.

मग दादू आला.

दादू मोरखारचाच. पाण्यात पाय न घालता मोठा झालेला. भरावाच्या कामांना डंपर लावले, गळ्यात साखळी आली, पांढरी गाडी आली आणि मग गावाविषयी प्रेम आलं. "आपली खाडी, आपला भाव!" असे बॅनर त्याने गावाच्या कमानीपासून स्मशानापर्यंत लावले. संघ आपल्याला लुटतो, आपला जिताडा सोन्याचा आणि संघ तो बोंबलाच्या रांगेत बसवतो, आपण बाहेर पडायचं, आपला टेम्पो, आपला बर्फ, आपला बाजार. एका टेम्पोच्या अंगावर तर हातभर अक्षरांत रंगवून घेतलं होतं, 'संघाला जाणारा पैसा गावच्या दवाखान्याला!' तो टेम्पो महिनाभर गावात गाणी वाजवत फिरत होता.

खरं सांगायचं तर दादू एकटा असता तर कुणी ऐकलं नसतं. गावाने ऐकलं ते गुणाबाईंचं.

त्यांचं दुखणं खरं होतं. संघाची चेअरमन झालेल्या सत्यवतीने, म्हणजे त्यांच्या शेजारच्या ओट्यावर उभा जन्म बसलेल्या, पलीकडच्या गावच्या बाईने, एक नियम काढला होता. आता दुसरी गावंही तलावात जिताडा वाढवायला लागली होती; तर जिताडा कुठल्याही गावचा असो, भाव एकच. सोसायट्यांना दर आठवड्याला एक दर कळवायचा असतो, त्यात सतरा भानगडी नकोत, असं तिचं म्हणणं. गुणाबाईंना ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

देवळापुढे गाव जमलं. दादूने माईक त्यांच्या हातात दिला. पदर खोचून त्या उभ्या राहिल्या.

"तलावात दाणा खाऊन फुगलेला जिताडा आन आमच्या भरतीच्या पान्यावर वाढलेला जिताडा एकाच भावात? डोळं बांधा माझं! हात लावून सांगते कनचा कुनाचा. आमच्या सासवांनी डोक्यावर पाट्या वाहून तो बाजार उभा केला. आन आता आमाला भाव शिकवनार?"

गाव नुसतं उसळलं. विनिता मागे उभी होती, आभाला कडेवर घेऊन. तिचा या सगळ्याला विरोध होता. तरी तिची छाती भरून आली, अंगावर काटा आला आणि आभा टाळ्या वाजवायला लागली तेव्हा तिने तिचे हात धरले नाहीत. मग गावाचे हात वर झाले. मोजायचीसुद्धा गरज पडली नाही. दादूच्या पोरांनी त्या भाषणाला मागे ढोल लावून व्हिडिओ केला, 'मोरखारची वाघीण'. तो आठवडाभर सगळ्यांच्या मोबाईलवर होता.

विरोध का होता, तर विनिता पनवेलच्या एका ऑफिसात बंदरावरून परदेशी जाणाऱ्या मालाचे कागद करायची. इंग्लंडमधल्या लोकांनी मतदान करून युरोपच्या संघातून बाहेर पडायचं ठरवलं, तेव्हा ती नोकरीत नवीन होती. पुढे ते खरंच बाहेर पडले आणि तिच्या टेबलावर त्याचा परिणाम दिसायला लागला. पूर्वी कोळंबीचा कंटेनर युरोपात कुठेही उतरला तरी पुढे इंग्लंडला न थांबता जायचा. आता मधे दार आलं. तिकडचे कागद वेगळे, इकडचे वेगळे, तपासणी वेगळी, आणि माल दारात ताटकळत उभा. तिकडचे मच्छीवालेच रडकुंडीला आल्याच्या बातम्या तिने वाचल्या होत्या.

हे सगळं तिने देवळापुढच्या त्या सभेच्या आदल्या दिवशी, भाकरी थापता थापता, सासूबाईंना सांगितलं होतं.

गुणाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुझा इंग्लंड माझ्या ओट्यावर बसाया येनार हाय का?"

"नाही आई."

"मंग ऱ्हाव दे त्याला तिथं."

आणि चूक झाली ती नेमकी ओट्याचीच. अख्ख्या मोरखारने धरूनच चाललं होतं की ओटे आपले. ज्या दगडावर आपली आजी बसली, आई बसली, ज्याला आपल्या बसण्याचा खोलगटपणा आलाय, तो दगड आपला नाही तर कुणाचा? संघातून बाहेर पडायचं म्हणजे संघाच्या वर्गणीतून, संघाच्या नियमातून, सत्यवतीच्या तावडीतून बाहेर पडायचं. ओट्यावरून उठायचं, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. दादूलाही ते सुचलं नव्हतं, किंवा सुचलं असेल तर तो बोलला नव्हता. गणपतीनंतरच्या पहिल्या बुधवारी गुणाबाई पाटी घेऊन गेल्या, तेव्हा त्यांच्या ओट्यावर बर्फाचे क्रेट रचलेले होते आणि संघाचा कारकून मान खाली घालून म्हणाला, "मावशी, जागा संघाची आहे."

 ज्या बाईच्या तोंडाला अख्खा बाजार टरकून असायचा, ती पाटी तशीच घेऊन घरी आली. कोयता माळ्यावर गेला.

पुढचं सगळं इंग्लंडसारखंच झालं. दादूचा बाजार म्हणजे गावाच्या फाट्यावर एक पत्र्याची शेड आणि त्यावर दादूचा फोटो. गिऱ्हाईक यायचं, बघायचं आणि विचारायचं, "नुसता जिताडाच आहे? बोंबील नाहीत? कोळंबी नाही?" ज्याला घरी चार जणांचं जेवण करायचं आहे, तो एका माशासाठी तेवढ्या लांब येत नाही. एकट्या गावाला बर्फवाला उधार देईना, सोसायट्यांनी फोन उचलणं सोडलं. टेम्पो अर्धा रिकामा जायला लागला, मग एक दिवसाआड जायला लागला, मग दादूच्या डंपरला ड्रायव्हर कमी पडले म्हणून टेम्पोचा ड्रायव्हर तिकडे गेला. दवाखान्याचं काय झालं असं कुणीतरी विचारलं, तर दादू म्हणाला, "ती घोषणा होती रे. वचन थोडंच होतं?"

आणि काल रात्री काशिरामचा फोन आला होता. काशिराम म्हणजे गुणाबाईंचा धाकटा दीर, खाडीकाठच्या खाजणात, भरतीचं पाणी आत घेणाऱ्या तळ्यावर जिताडा राखणारा. दादूने आणलेल्या व्यापाऱ्याने काशिरामचे जिताडे बघून नाकारले. म्हणे, फार मोठे आहेत, हॉटेलला बशीत मावेल असा मासा लागतो.

"नाकारलं?" गुणाबाईंनी तीनदा विचारलं होतं. "जिताडा नाकारला?"

तेवढ्यावर त्या भरल्या ताटावरून उठल्या होत्या.

*

"तू कशाला येतेस?" चहा पिऊन झाल्यावर गुणाबाई म्हणाल्या. काशिराम मोटारसायकलवरून येऊन त्या जिताड्यांची थर्मोकोलची पेटी ठेवून गेला होता आणि विनिता ऑफिसला 'अर्धा दिवस येत नाही' असा मेसेज करून, आभाच्या अंगात स्वेटर घालत होती.

"पेटी कोण उचलणार?"

"इतकी वर्षं कोन उचलत व्हता?"

"तेव्हा टेम्पो दारात यायचा आई."

हे लागलं. लागेल हे विनिताला माहीत होतं, पण तोंडातून निघून गेलं. गुणाबाईंनी तिच्याकडे बघितलं आणि चक्क हसल्या. "बोल. बोल. माझ्याच घरातली हायस, धार असनारच." मग पायात चप्पल घालता घालता म्हणाल्या, "पन खाली बसायचं नाय. मी तुला खुर्चीवर बसाया पाठवली हाय, फडक्यावर नाय."

रिक्षात आभा मधे बसली, पेटीवर हात ठेवून. "आजी, यात वाघीण आहे?"

"मासा हाय. वाघीन हितं बसलीय," गुणाबाई म्हणाल्या.

आत त्या गेल्याच नाहीत. फाटकाबाहेर, लिंबं-कोथिंबीरवाल्याच्या शेजारी त्यांनी ताडपत्री पसरली. पाट मांडला, कोयता मांडला. पेटीतून जिताडा काढून ठेवला तेव्हा सकाळच्या उन्हात त्याच्या खवल्यांवर असा उजेड खेळला की लिंबूवाला आपली लिंबं मोजायची विसरला.

"मावशी! किती दिवसांनी!"

"जिती हाय अजून."

स्कूटरवरून जाणारा एक पोरगा थांबला. "अरे, ह्या व्हिडिओवाल्या ना? वाघीण! आपली खाडी, आपला भाव! मग काय भाव आज, रस्त्यावर?"

विनिताच्या कानाच्या पाळ्या तापल्या. गुणाबाईंनी कोयत्यावर पाणी शिंपडलं.

"मासा घ्यायचा का भाषन ऐकायचं? भाषन फुकट हाय. तेच घे, तुझ्या खिशाला तेच झेपंल."

लिंबूवाला खो खो हसला. पोरगा स्कूटर सुरू करून निघून गेला. विनिताने आभाला उलट्या क्रेटवर बसवलं आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की काहीतरी चुकतंय. काय चुकतंय ते कळेना. मग कळलं. बाजाराचा आवाजच येत नव्हता.

एरवी या वेळी आतून कल्लोळ यायचा. ताज्या मासळीच्या हाका, घासाघीस, सुऱ्यांचे ठोके, बर्फ फोडल्याचे आवाज. आज आत नुसती माणसं उभी होती. पिशव्या घेऊन आत गेलेली गिऱ्हाइकं रिकाम्या पिशव्या घेऊन बाहेर येत होती. "काय चाललंय कळत नाही," एक गृहस्थ कुरकुरत गेले, "मासे समोर आणि विकायला तयार नाहीत!"

"संप आहे का?" विनिताने लिंबूवाल्याला विचारलं.

"संप कसला वहिनी. बुधवारचं हे असंच." त्याने आवाज खाली आणला, पण इतकाही नाही की शेजारी ऐकू जाऊ नये. "मावशी गेल्यापासून दर बुधवारी असंच चाललंय. भवानी कोण करणार? वार मोरखारचा. आतल्या बायका बसून राहतात, फाटकाकडे बघत. गिऱ्हाइकं शिव्या घालतात. शेवटी ती चेअरमनबाई उठते, देवीपुढे नारळ फोडते, मग कुठे सुरू होतं."

विनिताने सासूकडे बघितलं. गुणाबाई जिताड्याच्या पोटावरून हात फिरवत होत्या. ऐकलं नसल्याचं सोंग त्यांना अजिबात जमत नव्हतं.

तेवढ्यात फाटकातून एक बाई बाहेर आली. नऊवारी, वर संघाचा निळा एप्रन, नाकात ठसठशीत नथ आणि चेहऱ्यावर आठ्या. सत्यवती. ती ताडपत्रीसमोर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"गुणे."

"काय गो?"

"भवानी झाली?"

"मी तुमच्या संघात नाय."

"ते मना नको सांगू. कागदावर सही मीच केलीय. मी इचारलं काय? भवानी झाली का?"

गुणाबाईंनी जिताड्यावरची माशी हाकलली. "नाय झाली."

"मंग कर ना लवकर! माझा बरफ इतळतोय. आत साऱ्या बाया फडक्यावर हात ठेवून बसल्यात, कुनीतरी येवून सांगितलं गुणी बाहेर बसलीय. तू दारात असताना आता देवीला नारल पन फोडता येत नाय."

"बुधवार अजून कुनाला दिला नाय?"

"देते म्हटलं ना! कुनी घेईल तर शप्पथ. जी ती बोलते, गुणीच्या वारात मी हात घालनार नाय, मेली तरी शिव्या घालंल."

"मरायची वाट कशाला बघतात? आताच घालते."

सत्यवतीच्या नथीखाली हसू आलं ते तिने आवरलं. पण आठ्या गेल्या त्या परत आल्या नाहीत.

नेमकं त्याच वेळी खारघरच्या एक बाई, मघाशी आतून रिकाम्या हाताने आलेल्या, पिशवी सावरत थांबल्या. "जिताडा आहे? अय्या, हा तर खाडीचा दिसतोय. माझ्या सासऱ्यांचं पथ्य सुटलंय आज, त्यांना हाच हवाय. मधले तुकडे द्याल?"

गुणाबाईंनी कोयता धरला. विनिताने त्यांना मासा कापताना हजारदा पाहिलं होतं, पण आज तिने पाहिलं ते काही वेगळंच होतं. सकाळीच लावलेली धार त्यांनी पुन्हा अंगठ्याने चाचपली. मग कोयता खवल्याला लागला. सरसर खवले निघाले, एका फटक्यात डोकं बाजूला झालं, तुकडे असे पडले की एकाहून दुसरा जाड नाही. त्या बाईंनी नोट पुढे केली. गुणाबाईंनी ती माशाला लावली, कपाळाला लावली, डोळे मिटले.

आणि आरोळी दिली.

"भवानी झाली गो ऽऽऽ!"

रिक्षा स्टँडवरच्या माणसांनी माना वळवल्या. आणि आतून, बाजाराच्या त्या मोठ्या छपराखालून, आधी एक, मग दहा, मग सगळ्याच बायकांचा गलका उठला, "झाली गो ऽऽऽ!" आणि फडकी बाजूला झाली, हाका सुरू झाल्या, बर्फ फुटायला लागला, सगळा बाजार एका दमात जागा झाला. आभा क्रेटवर उभी राहून टाळ्या पिटत होती.  ज्या बाईने हा बाजार सोडायला गाव उठवलं, तिच्यावाचून तो बाजार सुरू होत नव्हता. आणि त्या बाईची मी सून आहे, हे तिला त्या फाटकाबाहेरच्या प्रत्येक माणसाला थांबवून सांगावंसं वाटलं.

सत्यवती गेली नव्हती.

"चल," ती म्हणाली. आवाज आता चेअरमनचा नव्हता. "उन्हात काय बसतेस. माझ्या ओट्यावर ये, मी सरकते. पावनी म्हनून बस. कुनी काय बोलनार नाय, मी हाय ना."

गुणाबाईंनी मान वर करून आत पाहिलं. फाटकातून त्यांचा ओटा दिसत होता. क्रेट कुणीतरी आजच काढून ठेवलेले होते आणि ओटा धुतलेला होता. विनिताला वाटलं, आता उठतील. उठा आई, ती मनात म्हणाली. बर्फ आहे, सावली आहे, तुमची जागा आहे. उठा.

"शकू कुठं बसते ठावं हाय तुला?" गुणाबाईंनी विचारलं.

"कनची शकू?"

"माझ्या पाठच्या ओट्यावर बसायची ती. आता हायवेच्या नाक्यावर बसते, धुरळ्यात. तिनं हात वर केला तवा मना काय बोलली? आत्या, मना काय कळत नाय, तू बोलतेस म्हनून करते. अशा साऱ्या. माझ्या तोंडाकडं बघून बाहेर पडल्या. आता मी एकली सावलीला जाव?"

"मंग बस उन्हात."

"बसते."

"गुणे, हट्ट करू नको."

"हट्ट नाय गो." गुणाबाईंनी कोयता पुसला. "ऐक. रविवारी गावकी हाय. मी उभी ऱ्हानार. दादूच्या म्होरं, त्याच्याच माईकवर. परत संघात जाऊ म्हननार. तू काय देशील ते आता सांग."

सत्यवतीने एप्रनला हात पुसले. "नियम ठावं हाय तुला. नवीन गाव म्हनून अर्ज. मागची रांग, गटाराच्या कडेची. भाव एकच. आन बुधवार मिळनार नाय, आधीच सांगून ठेवते. नव्या गावाला वार नसतो. ह्यो नियम केला तवा पहिला अंगठा तुझ्या सासूचा व्हता."

"नको देऊ बुधवार. गटाराची कड चालंल. पन साऱ्या बायांना. एक पन बाहेर ठेवायची नाय. आन भावाचं मी आत येवून तुझ्याशी भांडेन, रोज."

"मागाया आलीस तर तोंड तरी जरा गोड कर!"

"मागाया नाय आले. सांगाया आले."

सत्यवतीने कपाळाला हात लावला. मग विनिताकडे वळून म्हणाली, "हिच्याबरोबर कसा संसार करतेस गो तू?" आणि उत्तराची वाट न बघता फाटकातून आत गेली. जाता जाता तिने कुणालातरी हाक मारली, आणि थोड्या वेळाने आतून बर्फाची एक लादी गोणपाटात गुंडाळून बाहेर आली. कुणी पाठवली ते आणणाऱ्याने सांगितलं नाही. गुणाबाईंनी विचारलं नाही.

"आई," विनिताने पेटीत बर्फ भरताना हळूच विचारलं, "गाव ऐकेल?"

"दादू नाय ऐकनार. त्याचा फोटू हाय ना शेडवर."

"आणि बायका?"

"काही ऐकतील. काही बोलतील, गुणी फिरली. बोलू देत. वाघीन म्हनून मिरवली तवा गोड लागलं ना? आता हे पन गिळायचं." आणि मग म्हणाल्या, "तुझा इंग्लंड काय करतो? परत जानार हाय का तो?"

"माहीत नाही आई. अजून तरी नाही."

"त्याला सासू नसंल धड."

विनिता हसता हसता ताडपत्रीवर बसली. खाली, फडक्यावर, सासूला लागून. गुणाबाईंनी डोळे वटारले. "ऊठ. ड्रेस खराब व्हईल."

"होऊ दे."

"ऑफिसातलं कुनी बघितलं म्हंजे?"

"बघू दे ना. मीच हाक मारून बोलवते त्यांना." तिने तराजू जवळ ओढला. गुणाबाई तिला बसायला जागा व्हावी म्हणून जराशा सरकल्या. दुसरं गिऱ्हाईक आलं, तिसरं आलं. विनिता वजन करत होती, गुणाबाई कापत होत्या, आणि आतून सात गावांपैकी सहा गावांच्या बायकांचा आवाज येत होता. मधेच आतून कुणीतरी ओरडायची, "गुणे, जिताडा हाय का गो बाकी? हितं एक पावना मागतोय!" आणि इथून उत्तर जायचं, "धाड बाहेर!" दर वेळी गुणाबाईंची पाठ थोडी थोडी ताठ होत गेली, आणि दर वेळी विनिताने ते चोरून बघितलं.

आभा क्रेटवर बसून एकदा आत बघत होती, एकदा आजीकडे. तिच्या कपाळावर ती छोटी आठी होती, जी शाळेतलं गणित अडलं की यायची. तिने विनिताचा दंड ओढला.

"आई, त्या सगळ्या आज्या आपल्या आजीसाठी थांबल्या होत्या ना?"

"हो राणी."

"आजी ओरडली तेव्हाच त्यांनी मासे उघडले ना?"

"हो."

"मग आजी बाहेरची कशी?"